मुरमाड वाटेवरील एक दिवस

निवृत्त शाळामास्तरानें मोटारसायकलीवर भाषण करावें, याचें आपल्यापैकीं पुष्कळांस हसूं येईल. दोन वर्षांपूर्वीं मलाहि तें आलें असतें. आमच्या बिलोली गांवचे कांहीं तरुण, ज्यांत बहुतेक माझेच जुने विद्यार्थी आहेत, शरदऋतूंतील एखाद्या रविवारीं दहा-बारा मोटारसायकली घेऊन, डांबरी सडक सोडून, मुरमाच्या वाटांनीं दिवसभर हिंडतात असें कळलें, तेव्हां "पेट्रोल फुकट मिळूं लागलें काय?" असा शेरा मीं मारला होता. गेल्या वर्षीं कोजागिरीनंतरच्या रविवारीं मात्र मी स्वतःच त्यांच्यांत सामील झालों. त्या दिवशीं जें पाहिलें, आणि माझ्या हातून जी चूक घडली, तें आज आपल्यास सांगावयाचें आहे.

प्रथम वाहनाविषयीं दोन शब्द. हीं मुलें जिला 'ड्युअल स्पोर्ट' म्हणतात, ती गाडी डांबरी व कच्च्या अशा दोन्ही वाटांवर चालावी म्हणून घडविलेली असते. तिचें पोट जमिनीपासून जवळजवळ वीतभर उंच असतें. पुढचें चाक बहुधा एकवीस इंची, म्हणजे नेहमींच्या गाडीपेक्षां मोठें असतें. कारण लहान चाक ज्या खड्ड्यांत उतरतें, त्यावरून मोठें चाक निघून जातें. आपल्याकडे २०११ सालीं हीरो कंपनीची इम्पल्स, २०१६ सालीं रॉयल एन्फील्डची हिमालयन आणि २०१९ सालीं हीरोचीच एक्सपल्स निघाली, आणि मग तालुक्याच्या गांवींहि अशा गाड्या दिसूं लागल्या. माझी गाडी म्हणजे जुनी राजदूत. पोलंड देशांतील एका गाडीच्या नमुन्यावर एस्कॉर्ट्स कंपनी ती बनवीत असे. तिच्या काळीं आमच्याकडील बहुतेक वाटा कच्च्याच असल्यामुळें तिला असें निराळें नांव देण्याची कोणास गरज वाटली नाहीं.

आतां वाटेविषयीं. नांदेड जिल्ह्याचा पुष्कळसा भाग साडेसहा कोटी वर्षांपूर्वींच्या काळ्या बसाल्ट खडकाचा आहे; परंतु बिलोली-देगलूरकडे येतां येतां हा थर विरळ होतो, आणि त्याच्या खालचा, अडीचशे कोटी वर्षांहूनहि जुना ग्रॅनाइट उघडा पडतो. म्हणून एकाच सकाळीं आम्हांस काळें रान लागतें आणि तांबूस मोठमोठ्या धोंड्यांचे माळहि लागतात. काळी माती पावसांत फुगते आणि उन्हांत आक्रसून भेगाळते. अशा मातीवर नुसती वाट टिकत नाहीं. तिच्यावर मुरूम, म्हणजे कुजून भुसभुशीत झालेला खडक, पसरतात. मुरमांतून पाणी निथळून जातें आणि चाकाखालीं तो दबून बसतो. मॅकॲडम नांवाच्या स्कॉटिश गृहस्थानें एकोणिसाव्या शतकाच्या आरंभीं रस्त्यांची जी सुधारणा केली, तिचें मर्म हेंच होतें: लहान, कोनेदार खडी एकमेकींत गुंतून बसूं द्यावी आणि खालची माती कोरडी राखावी. आमचा शेतकरी पांदण दुरुस्त करतांना न शिकतां हेंच करीत असतो.

या सहलीस शरदच कां, याचेंहि कारण मातींत आहे. श्रावण-भाद्रपदांत काळी माती चाक आणि मडगार्ड यांच्यामध्यें अशी भरते कीं गाडी जागची हलत नाहीं. फाल्गुनानंतर धुळीनें पुढचें माणूस दिसत नाहीं. आश्विन-कार्तिकांत मात्र मुरमांत ओल राहिलेली असते आणि वरून ऊन पडलेलें असतें. सोयाबीनची काढणी चाललेली असते, कापूस फुटूं लागलेला असतो, तुरीला फूल येऊं घातलेलें असतें.

निघण्यापूर्वीं म्होरक्यानें सर्वांस उभें करून सूचना दिल्या. हा मुलगा एके काळीं माझ्या वर्गांत शेवटच्या बांकावर बसे. हेल्मेटाचे पट्टे त्यानें स्वतः ओढून पाहिले. चाकांतील हवा थोडी कमी करावयास सांगितली, म्हणजे टायर जमिनीस अधिक धरून चालतो; पुन्हां डांबरीवर आल्यावर ती भरून घ्यावयाची. सैल खडीवर पुढचा ब्रेक एकदम दाबूं नये. खाचखळग्यांत बैठकीवरून उठून पायांवर उभें राहावें, म्हणजे गाडी खालीं हेलकावे खाते आणि अंग स्थिर राहतें. शेतकऱ्यानें वाटेवर धान्य वाळत घातलें असेल, तर उतरून गाडी हातानें कडेनें न्यावी, त्यावरून चाक नेऊं नये. ही शेवटची सूचना ऐकून माझा शेरा मीं मनांतल्या मनांत मागें घेतला.

सर्वांत महत्त्वाची सूचना फांट्यांविषयीं होती. धुळीमुळें गाड्या एकमेकींपासून बऱ्याच अंतरावर चालतात; पुढच्यास मागचा दिसत नाहीं. म्हणून जेथें वाट वळते, तेथें म्होरक्याच्या पाठोपाठ असलेल्या स्वारानें थांबावें आणि मागून येणाऱ्या प्रत्येकास हातानें दिशा दाखवावी. सर्वांत शेवटीं एक अनुभवी स्वार माग राखीत येतो. तो दिसेपर्यंत फांट्यावरच्यानें जागा सोडावयाची नाहीं. फांट्यावर कोणी उभा नसेल, तर वाट सरळ आहे असें समजावें. पद्धत इतकी सोपी कीं चौथीच्या मुलासहि कळावी.

आम्ही अकराजण निघालों. सगरोळी मागें टाकून मांजरेच्या बाजूस वळलों. ही नदी बीड जिल्ह्यांत बालाघाटाच्या डोंगरांत उगम पावते, लातूर व बिदरकडून तेलंगणांत जाते, तेथें उत्तरेस वळते, १९३१ सालीं पूर्ण झालेल्या निजामसागर धरणांतून वाट काढीत पुन्हां आमच्या सीमेस येते आणि सुमारें ७२४ किलोमीटरांचा प्रवास करून कुंडलवाडीजवळ गोदावरीस मिळते. १९५६ सालच्या राज्यपुनर्रचनेंत देगलूर तालुक्यांतील बिचकुंदा व जुक्कल हे भाग तिकडे गेले. तेव्हांपासून येथील पुष्कळ घरांची सोयरीक एका राज्यांत आणि शेत दुसऱ्या राज्यांत असा प्रकार आहे. मांजरेची लालसर वाळू घरें बांधण्यासाठीं दूरदूर जाते, आणि ती नेणाऱ्या मालमोटारींनीं नदीकडच्या वाटा मूळच्या पांदणीपेक्षां रुंद करून ठेविल्या आहेत. हें लक्षांत ठेवावें; पुढें त्याचा संबंध येणार आहे.

दुपारीं होट्टलास पोहोंचलों. तेथील सिद्धेश्वराचें मंदिर कल्याणीच्या चालुक्यांच्या काळचें आहे. भिंतींवरील मूर्तींचें काम पाहून मुलें गप्प झालीं. आम्हीं मंदिराबाहेर भाकरी सोडली, आणि तीनच्या सुमारास परत फिरलों.

परतीच्या वाटेवर मी म्होरक्याच्या पाठोपाठ होतों. एका ठिकाणीं पांदण डावीकडे वळत होती आणि रुंद वाट सरळ नदीकडे जात होती. म्होरक्यानें खूण केली, मी थांबलों. एकामागून एक सात गाड्या आल्या, त्यांना मीं डावीकडे वळविलें. दोन राहिल्या होत्या. तेवढ्यांत शेजारच्या शेतांतून एक म्हातारी बाई हातांत कागद घेऊन आली. "गुरुजी, तुमीच का वो? ह्ये इम्याचा कागद आलाय, वाचून द्या की. पोरगं गांवाला गेलंय." तिच्या मुलास मीं शिकविलें होतें. कागद पीकविम्याचा होता. चष्मा माझ्या पिशवींत, पिशवी गाडीवर. आणि ऊन इतकें कीं अक्षर दिसेना. म्हणून मी तिच्याबरोबर आखाड्यावरच्या छपरांत गेलों. पन्नास पावलांचें अंतर. गाड्या आल्या तर आवाज ऐकूं येईलच, असें मीं मनाशीं म्हटलें. पण शेतांत सोयाबीनचें मळणीयंत्र चालूं होतें.

कागद वाचून, चहा घेऊन मी परतलों, तों फांटा रिकामाच होता. मी बराच वेळ थांबलों, आणि दोघे पुढें गेले असावेत असें समजून निघालों. मुक्कामावर पोहोंचलों तेव्हां दिवस मावळत होता, आणि दोन गाड्या कमी होत्या. एक माग राखणाऱ्याची, आणि एक महाविद्यालयांत शिकणाऱ्या मुलीची, जिची ही पहिलीच सहल होती.

श्रोतेहो, त्या क्षणीं माझी काय अवस्था झाली तें सांगवत नाहीं. मुलीचे आईवडील माझ्या ओळखीचे. "गुरुजी बरोबर आहेत ना, मग जा," असें म्हणून त्यांनीं तिला पाठविलें होतें. मोबाईल लागत नव्हते. मीं म्होरक्यास खरें तें सांगितलें. तो मला एक शब्द बोलला नाहीं. त्यानें चौघांस निवडलें, बाकीच्यांस जागीं थांबविलें, आणि आम्ही अंधारांत माघारीं वळलों.

फांट्यावरून सरळ गेलों. तासाभरानें नदीच्या पात्रांत एक दिवा दिसला. मुलीची गाडी वाळूंत आंसापर्यंत रुतून आडवी झाली होती. तिचा घोटा मुरगळला होता आणि तापलेल्या सायलेन्सरानें पोटरी भाजली होती. माग राखणाऱ्यानें तिला सोडून मदत आणावयास जाण्याचा मोह टाळला होता. पाण्यानें पोटरी निववून, आपल्या गाडीचा दिवा कांठाकडे वळवून तो तेथेंच बसून राहिला होता. "कोणी ना कोणी येणारच होतं," इतकेंच तो म्हणाला. मुलगी मला पाहून हसण्याचा प्रयत्न करीत म्हणाली, "सर, फांट्यावर कोणी नव्हतं, म्हणून आम्ही सरळ आलो."

हें वाक्य माझ्या मनांतून अद्याप गेलें नाहीं. तिनें नियम तंतोतंत पाळला होता. मी तेथें नव्हतों एवढेंच माझें म्हणणें. पण माझें नसणें हाहि एक निरोप होता, आणि तो खोटा होता. तीसांहून अधिक वर्षें मीं वर्गांत जागा सोडणाऱ्या मुलांस उभें केलें. घंटेवर नेमलेला मुलगा एकदां खेळावयास गेला, तर त्यास दिवसभर दारापाशीं ठेविला होता. मी मात्र एका चांगल्या कामासाठीं जागा सोडली. वाईट कामासाठीं जागा सोडणाराला निदान आपण चुकतों आहों हें कळतें. चांगल्या कामासाठीं सोडणाराला तेंहि कळत नाहीं, म्हणून त्याचा धोका अधिक. म्हातारीला "थोडें थांब, माय, मागचे दोघे येऊं देत," असें म्हणावयास मला काय झालें होतें? ती थांबली असती. तिचा कागद कांहीं पळून जात नव्हता.

आपण शहरांतील मंडळी मुरमाच्या वाटेवर कदाचित् कधीं जाणार नाहीं. परंतु प्रत्येक घरांत असा एखादा फांटा असतोच, जेथें कोणी तरी आपल्याकडे पाहून वळणार असतें: शाळेंतून येणारें मूल, औषधाच्या वेळीं वाट पाहणारे वृद्ध. मागचा दिसेपर्यंत तेथून हलूं नये, एवढेंच मला सांगावयाचें आहे.

मुलीचा पाय पंधरा दिवसांत बरा झाला. तिच्या घरीं जाऊन मीं तिच्या आईवडिलांस सर्व हकीकत स्वतः सांगितली. तें काम होट्टलाच्या वाटेपेक्षां अवघड होतें. दिवाळीनंतर मुलें पुन्हां निघालीं. मी मागें राहीन म्हणून निरोप धाडला होता. पण पहांटे दाराशीं म्होरक्याची गाडी येऊन थांबली. "चला गुरुजी," तो म्हणाला, "पहिल्या फांट्यावर आज तुम्हांलाच उभं राहायचं आहे."

मी गेलों, आणि शेवटची गाडी डोळ्यांनीं पाहीपर्यंत तेथून हललों नाहीं.