छातीत दुखतं म्हणाला तर
घरातला मानसिक रुग्ण छातीत दुखतं म्हणाला, की आपण म्हणतो, "त्याच्या मनाचे खेळ!" इथंच घात होतो. गंभीर मानसिक आजाराची माणसं इतरांपेक्षा १० ते २० वर्षं आधी जातात. हृदयविकार हे त्यातलं एक मोठं कारण. २००८ साली, कधी अतिउत्साह तर कधी खोल उदासी आणणाऱ्या आजाराशी एका जनुकाचा संबंध आढळला. मेंदूप्रमाणे हृदयाच्याही पेशीत कॅल्शियम आत घेणारं दार तेच जनुक घडवतं. त्यातल्या एका दुर्मीळ बिघाडानं ठोक्यांची लय चुकते. पूर्वजन्मीचं पाप वगैरे सोडून द्या. अर्थात सगळं जनुकांवर ढकलू नका. तंबाखू आहे, काही गोळ्यांनी वजनही वाढतं. म्हणून गोळ्या परस्पर बंद करायच्या नाहीत. केसपेपर काढाल तेव्हा बीपी, शुगरही तपासून घ्या.