वनस्नान

स्नान म्हटलें कीं पाण्याची कल्पना मनांत येते. परंतु पाण्याच्या थेंबाशिवाय, अंगावरील वस्त्रेंहि न उतरतां करावयाचें एक स्नान जपानांत रूढ झालें आहे. त्याला तेथें ‘शिनरिन-योकु’ म्हणतात. ‘शिनरिन’ म्हणजे अरण्य आणि ‘योकु’ म्हणजे स्नान. हा शब्द कोणा कवीचा किंवा साधूचा नव्हे. तो सरकारी कचेरींतून निघाला. जपानच्या वनखात्याचे त्या वेळचे प्रमुख तोमोहिदे अकियामा यांनीं १९८२ सालीं तो प्रचारांत आणला. शहरांतील शिणलेल्या माणसाला अरण्याची वाट दिसावी, आणि त्याला अरण्याची गोडी लागली म्हणजे अरण्यहि टिकावें, असा त्यांत दुहेरी हेतु होता.

ह्या स्नानाचा पहिला मेळावा त्याच वर्षीं नागानो प्रांतांतील किसो खोऱ्यांत, अकासावा येथें भरला. त्या अरण्याची कथा ऐकण्याजोगी आहे. तेथें सरूच्या कुळांतील ‘हिनोकी’ नांवाचे सुगंधी वृक्ष आहेत. सतराव्या शतकांत किल्ले आणि नगरें उभारण्यासाठीं ह्या खोऱ्यांत इतकी तोड झाली कीं डोंगर उघडे पडूं लागले. तेव्हां ओवारीच्या सत्ताधीशांनीं कडक बंदी घातली. झाड तोडील त्याचें शिर जाईल, अशी त्या बंदीची ख्याति होती. दर २० वर्षांनीं नव्यानें बांधल्या जाणाऱ्या इसे येथील देवालयासाठीं किसोचें लाकूड जातें. परंतु तेंहि निवडून आणि विधिपूर्वक. आज अकासावा येथील वृक्षांचें वय ३०० वर्षांच्या घरांत आहे. ज्या अरण्याचें रक्षण एके काळीं भयानें केलें, तेंच आज भ्यालेल्या आणि दमलेल्या मनाला विसांवा देत आहे.

येथें कोणी विचारील कीं, झाडांखालून चालावयास वाटाड्या कशाला हवा? पाय तर सर्वांनाच आहेत. खरें आहे, परंतु अतिश्रमानें येणाऱ्या मृत्यूला ज्या देशांत ‘करोशी’ असा स्वतंत्र शब्द घडवावा लागला, तेथील नोकरदार अरण्यांतहि कचेरीच्याच वेगानें चालतो. वाटाड्याचें पहिलें काम त्याची चाल मंद करणें हें होय. खिशांतील दूरध्वनि बंद करावयास तो सांगतो. मग थोडें चालणें आणि बराच वेळ थांबणें. डोळे मिटून ओढ्याचा आवाज ऐकावा, सालीवर तळहात ठेवावा, पानांचा वास सावकाश घ्यावा. दोन तासांत मैलभरहि चाल होत नाहीं. वृक्षांचीं नांवें पाठ करवणें हा त्याचा उद्देश नसतो. विसरलेलीं इंद्रियें जागीं करणें हा असतो.

शास्त्रज्ञांनींहि ह्याकडे लक्ष दिलें आहे. योशिफुमी मियाझाकी यांनीं १९९० सालीं याकुशिमा बेटावर प्रयोग करून, मनाच्या ताणाबरोबर वाढणारें द्रव्य लाळेंत मोजलें. डॉ. चिंग ली यांनीं २००५ सालीं टोकियोंतील १२ नोकरदार पुरुषांना तीन दिवस अरण्यांत फिरविलें, तेव्हां रोगट पेशींचा नाश करणाऱ्या त्यांच्या रक्तांतील पेशींची कार्यशक्ति वाढलेली आढळली. वृक्ष हवेंत जीं सुगंधी द्रव्यें सोडतात, त्यांचा हा अंशतः परिणाम असावा, असें त्यांचें मत आहे.

तथापि १२ माणसांवरून सर्व मानवजातीचा निर्णय करणें शहाणपणाचें नव्हे. वनस्नान हें औषध नाहीं. वैद्याची चिठ्ठी फाडून कोणीं अरण्याची वाट धरूं नये. शिवाय सर्वच झाडें सुखकर नसतात. दुसऱ्या महायुद्धानंतर जपाननें डोंगरचे डोंगर ‘सुगी’ ह्या एकाच वृक्षानें भरून काढले; आज दर वसंतांत त्यांच्या परागांनीं असंख्य लोक शिंकांनीं हैराण होतात. घाईनें लावलेलें वन आणि पिढ्यानुपिढ्या राखलेलें अरण्य यांत असा भेद पडतो.

२००६ सालापासून जपानांत अशीं वनें तपासून त्यांना मान्यता देण्यांत येत आहे, आणि त्यांची संख्या ६० च्या वर गेली आहे. तेथें शिकलेला मनुष्य पुढच्या खेपेस वाटाड्यावांचून गेला, आणि आपल्या घराजवळच्या एकाच झाडाखालीं घटकाभर स्वस्थ बसूं शकला, तर वाटाड्याचें काम पुरें झालें. मात्र तें झाड तेथें उभें असावयास पाहिजे. आणि तें आधींच्या कोणी तरी तोडावयाचें टाळलेलें असावयास पाहिजे.