मलूल



आमची शाळा लवकर सुटली. शब्दांची गोडी लागली ती कामगारांवरची आरोपपत्रे वाचता वाचता. गरिबाची भाकरी पुष्कळदा एकाच शब्दाला टांगलेली असते. आज असाच एक शब्द आपल्यापुढे ठेवतो: 'मलूल'.

या धंतोलीत दवाखाने पुष्कळ. एखादी आई दारातूनच सांगते, "लेकरू कालपासून मलूल पडलं जी!" आणि डॉक्टरांचा हात आपोआप त्याच्या कपाळाकडे जातो. इतका घरचा हा शब्द मूळचा अरबी. तिकडे त्याचा अर्थ मनाने शिणलेला, कंटाळलेला. फारसीच्या वाटेने तो आपल्याकडे आला. आपण तो मनापुरता ठेवला नाही. चेहऱ्याला लावला, अंगाला लावला, रोपालाही लावला.

इंग्रज अशा वेळी 'ड्रूप' म्हणतो. तो शब्द उत्तरेकडील नॉर्स लोकांच्या भाषेतून आलेला. अर्थ, मान खाली घालणे. थेंबाला 'ड्रॉप' म्हणतात, तोही त्याच कुळातला. म्हणजे एका शब्दाने वाकलेली मान पाहिली, दुसऱ्याने आतला शीण पाहिला.

वैशाखातल्या दुपारी कुंडीतले रोप पाहा. पानांतून पाणी उडते त्या वेगाने मुळांना ते पुरवता येत नाही. पेशींतला ताठपणा ओसरतो आणि पाने लोंबतात. संध्याकाळी पाणी घातले की बहुधा तेच रोप पुन्हा उभे राहते. त्याला आळशी कोणी म्हणत नाही.

माणसाला मात्र म्हणतात. एका कारखान्यात भट्टीजवळच्या कामगारावर 'कामचुकारपणा'चा ठपका आला होता. चौकशीत आम्ही मुकादमाला विचारले, "तो झोपला होता काय?" तो प्रामाणिक माणूस. म्हणाला, "नाही जी, मलूल होऊन बसला होता." आम्ही म्हटले, हाच शब्द कागदावर घ्या. कामचुकारपणा हा दोष ठरतो. मलूलपणा ही अवस्था आहे, आणि अवस्थेला कारण असते. हवा आणि उष्णता सोसण्याजोगी ठेवण्याची जबाबदारी 1948 च्या कारखाने कायद्याच्या तेराव्या कलमाने मालकावर टाकली होती, तीही दाखवली. नोकरी वाचली. भट्टीजवळ पाण्याचा रांजण आला.

'मान टाकली' म्हणजे खेळ आटोपला. 'मलूल' म्हणजे अजून उपाय आहे. समोरचा माणूस खाली मान घालून बसलेला दिसला, तर त्याला नाव ठेवण्याआधी पाणी विचारावे, एवढेच आमचे मागणे आहे.