बर्कचा वारसा आणि धानाचा भाव

(सौंदड, जि. गोंदिया येथील व्याख्यानाचा पाठ)



अमेरिकेत 'कन्झर्व्हेटिव्ह' म्हणवणारा पक्ष सत्तेवर आला की भारतातील राष्ट्रीय विचारांच्या घरांतून समाधानाचा एक सूर उमटतो. देव, देश आणि कुटुंब यांचे नाव घेणारी माणसे तिकडेही आहेत, तेव्हा ती आपली स्वाभाविक मित्र असणार, असा त्यामागचा समज. 22 सप्टेंबर 2019 रोजी ह्यूस्टनमध्ये आणि 24 फेब्रुवारी 2020 रोजी अहमदाबादेत झालेल्या टाळ्यांच्या कडकडाटाने हा समज दृढ झाला. पुढे 2025 च्या ऑगस्टमध्ये त्याच अध्यक्षांनी भारतीय मालावर आधी 25 आणि मग आणखी 25 टक्के आयातशुल्क लादले, तेव्हा याच घरांना तो विश्वासघात वाटला. वास्तविक आधीच्या समाधानालाही फारसा आधार नव्हता आणि नंतरच्या धक्क्यालाही नव्हता. हा विचार नेमका काय आहे, हे मुळातून पाहण्याचे कष्ट आपल्याकडे कमी लोकांनी घेतले, इतकेच.

या विचाराचा मूळपुरुष मानला जातो तो एडमंड बर्क. आयर्लंडमध्ये जन्मलेला हा ब्रिटिश संसदपटू. 1790 मध्ये फ्रेंच राज्यक्रांतीवर त्याने लिहिलेल्या ग्रंथासाठी तो ओळखला जातो. समाज हा मेलेल्या, जिवंत आणि पुढे जन्माला येणाऱ्या पिढ्यांचा मिळून असतो. तो कागदावर आराखडा काढून उभा करता येत नाही, हे त्याचे सूत्र. परंतु भारतीयांनी लक्षात ठेवावा असा बर्क वेगळाच आहे. वॉरन हेस्टिंग्जवर ब्रिटिश संसदेत जो महाभियोग चालला, त्याचा प्रमुख फिर्यादी हाच. 1788 ते 1795 अशी सात वर्षे तो खटला रेंगाळला आणि हेस्टिंग्ज निर्दोष सुटला. पण बर्कने तेथे मांडलेला मुद्दा आजही जिवंत आहे. लंडनमध्ये जे पाप, ते काशीतही पापच. अक्षांश-रेखांश बदलल्याने नीती बदलत नाही. भारताला स्वतःचे प्राचीन कायदे आणि संस्था आहेत, त्या मोडण्याचा अधिकार कंपनीला नाही, असे तो इंग्रजांच्याच सभागृहात सांगत होता.

बर्क समजून घेण्यासाठी लंडनला जाण्याचीही गरज नाही. सौंदडहून अर्जुनीच्या दिशेने निघाले की नवेगाव बांध लागतो. परंपरा सांगते की तो कोलू पाटील कोहळी यांनी बांधला. भंडारा-गोंदिया भागात कोहळी समाजाने असे शेकडो तलाव बांधले. कोठे पाळ घालायची, सांडवा कोठून काढायचा, कोणत्या बांधीला पाणी कोणत्या क्रमाने द्यायचे, याचे शास्त्र त्यांच्यापाशी पिढ्यान् पिढ्या होते आणि ते कोणत्याही महाविद्यालयात शिकवले जात नव्हते. 1950 च्या कायद्याने तत्कालीन मध्य प्रदेशात मालगुजारी संपुष्टात आली. ती जाणे न्याय्यच होते, कारण त्या पद्धतीत कुळांवर जुलूम झाला होता. परंतु मालगुजारासोबत तलावही सरकारजमा झाले. पाण्यावरचे निस्तार हक्क कागदावर राहिले. गाळ काढणारे, पाळीची डागडुजी करणारे हात मात्र सुटले, कारण आता तलाव 'सरकारचा' झाला. आज त्यांना 'मामा तलाव' म्हणतात, म्हणजे माजी मालगुजारी. नावातच 'माजी' आहे! जुनी व्यवस्था मोडताना तिच्यातील अन्याय आणि तिच्यातील शहाणपण यांची निवड करावी लागते. ती न केल्याची किंमत या जिल्ह्यातील धानाने मोजली आहे.

अमेरिकेतील परंपरावाद्यांनी बर्कचे पहिले सूत्र घेतले. रसेल कर्क यांचा ग्रंथ 1953 साली आला, विल्यम बकली यांनी 1955 मध्ये 'नॅशनल रिव्ह्यू' सुरू केले, 1964 मध्ये गोल्डवॉटर यांचा दारुण पराभव झाला आणि 1981 मध्ये रेगन अध्यक्ष झाले. सरकार लहान असावे, बाजार मोकळा असावा, शाळा गावाने चालवावी, कुटुंब आणि चर्च यांच्या आड राज्याने येऊ नये, हा त्यांचा कार्यक्रम. यातील पुष्कळ भाग घेण्यासारखा आहे. तेथे शाळेचे मंडळ बहुतेक ठिकाणी स्थानिक लोक निवडून देतात आणि शाळेच्या खर्चाचा मोठा वाटा स्थानिक मालमत्ता करातून येतो, म्हणून शाळेच्या सभेला पालक जातात. येथील ग्रामसभेची उपस्थिती सर्वांना ठाऊक आहे.

बर्कचे दुसरे सूत्र मात्र अटलांटिक ओलांडताना समुद्रात पडले असावे. याचा अनुभव धान पिकवणाऱ्यांनी घ्यावा, हा योगही विलक्षण आहे.

10 जुलै 1954 रोजी आयझेनहॉवर या रिपब्लिकन अध्यक्षांनी पीएल-480 कायद्यावर सही केली. अमेरिकन कोठारांत साचलेले जादा धान्य खपवणे आणि नव्या बाजारपेठा मिळवणे हा त्याचा उघड हेतू होता. मे 1960 मध्ये त्याखालील सर्वांत मोठा करार भारताने केला. त्यावर सही करणारे अन्नमंत्री मुंबईचे स. का. पाटील. चार वर्षांत 1 कोटी 60 लाख टन गहू आणि 10 लाख टन तांदूळ येणार होता, तोही रुपयांत किंमत देऊन. सौदा गोड होता. 1965-66 च्या दुष्काळात त्यातला कडूपणा कळला. व्हिएतनामवरील बाँबफेकीवर भारताने टीका केली. अध्यक्ष जॉन्सन यांनी दीर्घ मुदतीचा करार टाळून जहाजे महिन्या-महिन्याच्या हिशेबाने सोडली. जॉन्सन डेमोक्रॅट होते, हे येथे आवर्जून सांगितले पाहिजे. अन्नाचा दोर हाती असला की पक्षाचा रंग गळून पडतो. लालबहादूर शास्त्रींनी सोमवारी एक वेळ उपवासाचे आवाहन केले ते याच काळात, आणि हजारो घरांनी ते व्रत पाळले. त्या करारांतून साचलेल्या रुपयांपैकी 1,664 कोटींचा धनादेश अमेरिकेने 1974 मध्ये भारताला परत केला. तोवर हरितक्रांतीने देशाची मान ताठ केली होती.

आता अलीकडचे पाहू. भारत तांदळाला देत असलेला आधार उत्पादनमूल्याच्या 70 टक्क्यांहून अधिक आहे, असा दावा अमेरिकेने मे 2018 मध्ये जागतिक व्यापार संघटनेत केला. मर्यादा 10 टक्के. हिशेबाची मेख अशी की आजच्या हमीभावाची तुलना 1986-88 च्या गोठवलेल्या किमतीशी केली जाते आणि सरकारने खरेदी न केलेला धानही मोजला जातो. त्याच वर्षी, चीनशी शुल्कयुद्ध पेटल्यावर, लहान सरकारचा जयघोष करणाऱ्या पक्षाने आपल्या शेतकऱ्यांना 12 अब्ज डॉलर्सची मदत जाहीर केली. 2019 मध्ये आणखी 16 अब्ज.

जुलै 2025 मध्ये संमत झालेल्या कायद्याने अमेरिकेने धानाची संदर्भ किंमत शंभर पौंडांना 14 डॉलर्सवरून 16.90 डॉलर्सवर नेली. बाजारभाव त्याखाली गेला तर फरकाची भरपाई सरकार ठरलेल्या मर्यादेत करते. डॉलर 88 रुपयांचा धरला तर ही किंमत क्विंटलला सुमारे 3,280 रुपये होते. 2025-26 च्या खरिपात भारतातील साधारण धानाचा हमीभाव 2,369 रुपये होता. आणि 8 डिसेंबर 2025 रोजी व्हाइट हाउसमध्ये, शेतकऱ्यांना पुन्हा 12 अब्ज डॉलर्स देण्याच्या बैठकीत, भारत स्वस्त तांदूळ ओततो अशी तक्रार झाली आणि अध्यक्षांनी नव्या शुल्काचा इशारा दिला! भारताची वार्षिक तांदूळ निर्यात दोन कोटी टनांच्या घरात. अमेरिकेला जातो तो तीन-साडेतीन लाख टन, त्यातही बहुतांश बासमती.

अमेरिकेने आपला शेतकरी सांभाळला, यात दोष नाही. तो त्यांचा राष्ट्रधर्म आहे. इतरांना मोकळ्या बाजाराचे प्रवचन देण्याचा अधिकार मात्र त्याबरोबर मिळत नाही.

ज्यांची मुले तिकडे आहेत त्या घरांसाठी आणखी एक बाजू आहे. 19 सप्टेंबर 2025 च्या आदेशाने नव्या एच-1बी अर्जांवर एक लाख डॉलर्सचे शुल्क बसले. 29 ऑक्टोबर 2025 रोजी मिसिसिपी विद्यापीठात उपाध्यक्ष व्हॅन्स यांनी आपल्या हिंदू संस्कारांत वाढलेल्या पत्नीने कधीतरी चर्चच्या शिकवणीकडे वळावे, अशी आशा बोलून दाखवली; निर्णय तिचाच, अशी पुस्तीही जोडली. माणूस प्रामाणिकपणे बोलला. तिकडच्या परंपरावाद्यांची परंपरा ख्रिस्ती आहे, आणि ती त्यांनी लपवलेली नाही.

मग मित्र कोण, याचा निर्णय दिल्लीत व्हायचा तो होईल. सौंदडच्या शेतकऱ्यापुढचे प्रश्न जवळचे आहेत. खरेदी केंद्र वेळेवर उघडते का, बारदाना पुरतो का, चुकारा किती आठवड्यांनी खात्यावर येतो, भरडाईचा धान उघड्यावर भिजतो का. अमेरिकेतील धान उत्पादक या गोष्टींसाठी थेट अध्यक्षांच्या टेबलापर्यंत पोहोचला. येथील ग्रामसभेत हे विषय शेवटचे कोणत्या बैठकीत मांडले गेले, आणि इतिवृत्तात त्यांची नोंद काय झाली, हे पंचायतीच्या कपाटातले रजिस्टर काढून पाहता येईल.