मोझॅकच्या साच्यातून



अधिवेशनाच्या अध्यक्षाने आपल्या विषयाचा गौरव करावा अशी प्रथा आहे. माझा विषय वनस्पतींचे विषाणू. त्यांचे गोडवे गाऊ लागलो तर समोर बसलेले टोमॅटो-मिरचीचे बागायतदार मला खाली बसवतील, आणि ते योग्यच ठरेल. मोझॅक रोग एकदा प्लॉटमध्ये शिरला की फवारणीने जात नाही, रोपे उपटावी लागतात. तरीही आज मी या टोळीतल्या सर्वांत जुन्या गुन्हेगाराची, तंबाखूच्या मोझॅक विषाणूची, बाजू मांडणार आहे.

त्याची बांधणी पाहा. लांबी 300 नॅनोमीटर, जाडी 18, आणि आरपार 4 नॅनोमीटरची पोकळी. एकच प्रथिन 2130 वेळा, आरएनएच्या, म्हणजे त्याच्या जनुकीय द्रव्याच्या, धाग्याभोवती मळसूत्री रचलेले; चित्रात ते मक्याच्या कणसासारखे दिसते. 1935 मध्ये रसायनशास्त्रज्ञ स्टॅन्लीने त्याचे स्फटिक मिळवले, पुढे लंडनच्या बर्कबेक कॉलेजात रोझालिंड फ्रँकलिनने क्ष-किरणांनी त्याची रचना उलगडत नेली. मला मात्र सर्वांत महत्त्वाचा वाटतो तो 1955 चा प्रयोग. बर्कलेत फ्रेंकेल-कॉनराट आणि विल्यम्स यांनी प्रथिन आणि आरएनए वेगळे केले, पुन्हा एकत्र मिसळले, आणि परीक्षानळीत विषाणू आपला आपण उभा राहिला. विषाणूच्या या कांडीची लांबी आरएनए ठरवतो, त्यामुळे कांड्या एकाच मापाच्या निघतात. धातूच्या नॅनोकांड्या एकसारख्या मापात बनवताना रसायनतज्ज्ञांची किती दमछाक होते, हे या सभागृहातले अनेकजण जाणतात.

मग याच कांडीचा साचा का करू नये? 1999 मध्ये ब्रिटिश आणि अमेरिकी संशोधकांनी तिच्यावर सिलिका, लोहाचे ऑक्साइड आणि सल्फाइडे चढवून दाखवली. 2003 मध्ये श्टुटगार्टच्या गटाने आतल्या पोकळीत निकेल आणि कोबाल्टच्या 3 नॅनोमीटर जाडीच्या तारा वाढवल्या. खरी गंमत जनुकीय बदलाने आली. मेरीलँड विद्यापीठात जेम्स कल्व्हर यांनी विषाणूच्या प्रथिनात सिस्टीन हे अमिनो आम्ल बसवले. सिस्टीनमधले गंधक सोन्याला, पॅलेडियमला घट्ट धरते. बदललेला विषाणू कार्बोरंडमची पूड लावून तंबाखूच्या पानावर चोळायचा, रोग पसरू द्यायचा, पाने वाटून विषाणू वेगळा काढायचा. या कांड्या सोन्याच्या पृष्ठभागावर ताठ उभ्या राहतात. त्यांच्यावर पॅलेडियमचे कण बसवून मग निकेलचा थर दिला, की तेवढ्याच जागेत धातूचा पृष्ठभाग कित्येक पटींनी वाढतो. त्याच विद्यापीठातल्या रेझा घोडसी यांच्या गटाने त्यावर बॅटरीचे इलेक्ट्रोड केले. मूळ कारखाना म्हणजे झाड, आणि एक किलो पानांतून काही ग्रॅम विषाणू मिळू शकतो. हा विषाणू माणसाला बाधत नाही; तंबाखू मळलेल्या हातांनी टोमॅटोच्या हरितगृहात शिरू नये, एवढे पथ्य पाळावे.

आता थोडे थंड डोक्याने. या विषाणूच्या साच्यावर बनलेली बॅटरी आपल्या मोबाइलमध्ये आलेली नाही. प्रयोगशाळेतला सुंदर इलेक्ट्रोड आणि हजारो वेळा चार्ज होऊन टिकणारा स्वस्त माल यांतले अंतर शोधनिबंधांत दिसत नाही. माझा कल चवळीच्या मोझॅक विषाणूकडे अधिक आहे. तो गोल, सुमारे 30 नॅनोमीटरचा. नॉरिचच्या जॉन इनेस सेंटरमध्ये जॉर्ज लोमोनोसॉफ यांच्या गटाने त्याची रिकामी कवचे झाडातच तयार करवली. आत आरएनए नाही, म्हणून संसर्गही नाही. पोकळीत कोबाल्ट किंवा लोहाचे ऑक्साइड भरता येते. उघड्या शेतांच्या देशात बदललेला जिवंत विषाणू वाढवण्यापेक्षा हा मार्ग मला शहाणपणाचा वाटतो.

सजीवांकडून नॅनोपदार्थ करवून घेणे आपल्याकडे परके नाही. या शतकाच्या सुरुवातीला पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेत मुरली शास्त्री, अबसार अहमद आणि सहकाऱ्यांनी बुरशींकडून चांदीचे नॅनोकण करवून घेतले. त्यांतली एक होती फ्युजेरियम, जिच्या प्रजाती शेतात मर रोग आणतात. रसायनतज्ज्ञ आणि सूक्ष्मजीवतज्ज्ञ एका टेबलाशी बसले म्हणून ते घडले. आपल्या कृषी विद्यापीठांत रोगट पानांचे नमुने ओळखणारी, विषाणू वेगळा काढणारी तयार माणसे आहेत. नॅनोपदार्थांवर काम करणाऱ्यांना त्यांचे पत्ते ठाऊक नसतात.

म्हणून आयोजकांना एकच विनंती. पुढच्या अधिवेशनात वनस्पती-रोगशास्त्राचे आणि पदार्थविज्ञानाचे सत्र एकाच सभागृहात ठेवा. यंदा ही दोन सत्रे एकाच वेळी, दोन वेगळ्या मजल्यांवर आहेत, आणि मला दोन्हीकडे जायचे आहे.