शेतांच्या नावांचे संग्रहालय

(नवी मुंबईतल्या महापे येथे वसंत व्याख्यानमालेत दिलेले व्याख्यान, संक्षेपाने)

मुंबईत राणीच्या बागेला लागून असलेले डॉ. भाऊ दाजी लाड संग्रहालय तुमच्यापैकी पुष्कळांनी पाहिले असेल. १८७२ साली ते लोकांसाठी खुले झाले. भाऊ दाजींचे नाव त्याला १९७५ साली मिळाले. तिथल्या मातीच्या लहानशा मूर्ती मुलांना फार आवडतात. या मुलखातले कारागीर, त्यांचे पोशाख, सगळे बारकाईने घडवलेले. पण मला तिथे दर वेळी एक गोष्ट खटकते. धंदा कळतो, जमात कळते, माणसाचे नाव कळत नाही. इंग्रजी अमलात मांडले गेले ते प्रजेचे नमुने.

आता याच्या उलट केपटाऊनचे बघा. डिस्ट्रिक्ट सिक्स नावाची तिथली वस्ती १९६६ साली वर्णद्वेषी सरकारने फक्त गोऱ्यांसाठी राखीव केली. पुढे सुमारे ६०,००० माणसे हुसकली, घरांवर बुलडोझर फिरवला. १९९४ साली तिथल्या जुन्या मेथडिस्ट चर्चमध्ये संग्रहालय सुरू झाले. मांडायला होते काय? पाडकामावरच्या मुकादमाने जपून ठेवलेल्या रस्त्यांच्या पाट्या, आणि जमिनीवर पसरलेला वस्तीचा भलामोठा नकाशा. जुने रहिवासी येत, वाकून आपली गल्ली शोधत आणि स्वतःच्या हाताने त्यावर नाव लिहीत. माझ्या लेखी ही अव्वल दर्जाची कला आहे.

महाप्याची गोष्ट वेगळी, हे मी जाणतो. इथे कातडीचा रंग पाहून कुणाला हाकलले नाही. एमआयडीसीसाठी आणि १९७० साली स्थापन झालेल्या सिडकोच्या नव्या शहरासाठी जमिनी गेल्या. ९५ गावांचा तो प्रश्न. मोबदल्यासाठी दि. बा. पाटलांच्या नेतृत्वाखाली आगरी-कोळी शेतकरी उठले आणि जानेवारी १९८४ मध्ये पाच जण गोळीबारात हुतात्मा झाले. त्यातूनच संपादित जमिनीच्या साडेबारा टक्के इतका विकसित भूखंड परत देण्याची योजना आली. हा इतिहास सभांमधून सांगितला जातो, सांगितलाच पाहिजे. पण भाताची खाचरे, बांध, खाडीकाठची मिठागरे, लग्नात धवले गाणाऱ्या धवलारणी यांचे काय? मिलेनियम बिझनेस पार्कमध्ये रोज कामाला येणाऱ्या तरुणाला आपण कोणाच्या शेतावर बसलो आहोत, हे कुठे कळणार?

ठाण्यात राहून सुधीर पटवर्धनांनी कामगारांची उपनगरे रंगवली, ‘लोअर परळ’ रंगवले. तशी नजर या पट्ट्यालाही लाभावी. मात्र चित्रकाराची वाट पाहत बसायचे कारण नाही. संग्रहालयासाठी शाळेचा एक वर्ग, समाजमंदिराची एक खोली पुरेशी आहे. जमिनीवर संपादनापूर्वीचा गावनकाशा रंगवा आणि ज्यांची शेते होती त्यांना हातात खडू द्या.

सातबाऱ्यावर गट क्रमांक सापडतील. बोलीतली शेतांची नावे मात्र सत्तरी-ऐंशी ओलांडलेल्या माणसांच्या तोंडीच आहेत. तरुण मित्रांनो, या पावसाळ्याआधी वही घेऊन त्यांच्यापाशी बसा.