सामाईक ग्रंथसूची : माल कोठे आहे हे सांगणारी वही

(सुवर्णमहोत्सवी व्याख्यानमालेत घोटावडे येथे दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



ज्ञानपंचमीला भांडारातील पोथ्या बाहेर काढून, धूळ झटकून, वेष्टने बदलून त्यांचे पूजन करण्याची परंपरा जैन समाजात फार जुनी आहे. या पूजनामागे एक व्यवहारही आहे. पावसाळा सरल्यावर प्रत्येक पोथी हातात घेतली जाते. कसर लागली आहे काय, पाने दमटली आहेत काय, हे पाहिले जाते आणि कोणती पोथी जागेवर नाही, हेही त्याच वेळी कळते. पेढीवर दिवाळीच्या सुमारास मालमोजणी होते, तशीच ही ग्रंथांची मालमोजणी होय. ग्रंथ जपणे आणि ग्रंथांची नोंद ठेवणे ही एकाच कर्तव्याची दोन अंगे आहेत. आजचा विषय त्यातील दुसऱ्या अंगाचा आहे. अनेक ग्रंथालयांची मिळून एकच सूची असावी आणि विद्यापीठाच्या परिवाराने ती रोजच्या वापरात आणावी, हा तो विषय.

कापडाच्या दुकानात एखादा तागा मागील फळीवर पडून असतो, पण वहीत त्याची नोंद नसते. गिऱ्हाईक येते, मागणी करते आणि रिकाम्या हाताने परत जाते. तो तागा असून नसल्यासारखाच. ग्रंथाचेही असेच आहे. ज्याचा पत्ता वाचकाला ठाऊक नाही, तो ग्रंथ त्या वाचकापुरता अस्तित्वातच नसतो.

पूर्वसूरींनी हे ओळखले होते. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात मुंबई सरकारने हस्तलिखितांचा शोध सुरू केला. डॉ. ब्यूलर, डॉ. कीलहॉर्न, प्रा. पीटरसन आणि डॉ. रामकृष्ण गोपाळ भांडारकर यांनी गावोगावची भांडारे धुंडाळली. १८७४ मध्ये डॉ. ब्यूलर जैसलमेरला गेले. भांडारे सांभाळणाऱ्यांच्या मनात परक्याविषयी शंका असणे स्वाभाविक होते, कारण याच दक्षतेमुळे आक्रमणांच्या काळातही पोथ्या टिकल्या होत्या. परंतु ज्या कुलपाने ग्रंथ वाचवला, त्याच कुलपामुळे तो अभ्यासकापासून दूरही राहिला. या दोन गोष्टींचा मेळ सूचीने घातला. पोथी भांडारातच राहिली, तिचा पत्ता मात्र जगाला कळला.

पुण्यात ६ जुलै १९१७ रोजी स्थापन झालेल्या भांडारकर प्राच्यविद्या संशोधन संस्थेने १९४४ मध्ये प्रा. हरि दामोदर वेलणकर यांचा 'जिनरत्नकोश' प्रसिद्ध केला. जैन ग्रंथांची नावे वर्णानुक्रमाने लावून, कोणत्या ग्रंथाची प्रत कोणत्या भांडारात आहे, हे या कोशात नोंदवलेले आहे. वेगवेगळ्या गावांतील भांडारांच्या याद्या येथे एका वहीत आल्या. सामाईक ग्रंथसूची म्हणतात ती हीच. त्याच सुमारास, १९४३ मध्ये, शंकर गणेश दाते यांच्या 'मराठी ग्रंथसूची'चा पहिला भाग प्रसिद्ध झाला. १८०० ते १९३७ या काळातील मराठी ग्रंथांची नोंद त्यात आहे. संगणकाचे नावही कोणी ऐकले नव्हते, तेव्हा हे काम कागदाच्या चिठ्ठ्यांवर झाले. ते पाहिले की आजच्या सोयीपुढे आळसाला जागा उरत नाही.

हे काम यंत्रावर आले ते अमेरिकेत. ओहायो राज्यातील महाविद्यालयांनी १९६७ मध्ये एकत्र येऊन संस्था काढली आणि १९७१ पासून त्यांची सामाईक सूची संगणकावर चालू लागली. त्यातील युक्ती साधी होती. एका ग्रंथपालाने पुस्तकाची नोंद नीट केली, की दुसऱ्याने ती नव्याने लिहायची नाही. आपल्याकडेही ती प्रत आहे, एवढेच जोडायचे. शंभर ठिकाणची मेहनत एका ठिकाणी झाली आणि वाचकाला शंभर दारे एका खिडकीतून दिसू लागली.

भारतात विद्यापीठ अनुदान आयोगाने १९९१ मध्ये 'इन्फ्लिबनेट'चा प्रकल्प सुरू केला. पुणे विद्यापीठाच्या आवारातील 'आयुका'च्या छत्राखाली त्याचा आरंभ झाला आणि १९९६ मध्ये तो स्वतंत्र केंद्र बनला. विद्यापीठांच्या ग्रंथालयांची 'इंडकॅट' ही सामाईक सूची याच केंद्राची आहे. १९९२ मध्ये पुणे विद्यापीठ, राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळा आणि सी-डॅक यांनी मिळून 'पुणेनेट' हा उपक्रमही हाती घेतला होता. म्हणजे कल्पना पुण्याला नवी नाही. तरीही आजच्या विद्यार्थ्याला यांतील किती नावे ठाऊक असतात? यंत्रणा उभारणे हे अर्धे काम. ती वाचकाच्या सवयीत उतरवणे हे उरलेले अर्धे काम, आणि तेच अधिक कठीण.

याचे मोल घोटावड्याच्या दृष्टीने पाहावे. शेजारच्या लवळ्याच्या डोंगरावर सिंबायोसिस आणि फ्लेम या विद्यापीठांची संकुले उभी आहेत. पुण्यात सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठाचे जयकर ग्रंथालय आहे. मुळशीतील एखादी मुलगी पदव्युत्तर अभ्यासासाठी एक जुने पुस्तक शोधते, असे समजा. पौड रस्त्याने बस धरून ती पुण्यात जाते. एका ग्रंथालयात पुस्तक नाही, दुसऱ्यात आहे पण कोणी नेलेले आहे, तिसरे त्या दिवशी बंद. दिवस गेला, भाडे गेले आणि घरी 'कशाला हा खटाटोप' हा प्रश्न ऐकावा लागला. अशा दोन फेऱ्यांनंतर ती मुलगी कोणाच्या तरी टिपणांवर परीक्षा देते. अभ्यासक होऊ शकणारी मुलगी केवळ परीक्षार्थी राहते. ही हानी कोणत्याच ताळेबंदात दिसत नाही. निघण्यापूर्वीच सूची पाहून पुस्तकाचा ठावठिकाणा कळला असता, तर तिचा उत्साह टिकला असता. वाचकाचा वेळ वाचवणे हा ग्रंथालयाचा धर्मच आहे, अशी मांडणी डॉ. शियाळी रामामृत रंगनाथन यांनी १९३१ मध्ये आपल्या पंचसूत्रीत केली, ती उगाच नव्हे.

'आता सर्व काही संगणकावर मिळते, मग सूची कशाला?' असे कोणी विचारतात. केंद्र सरकारने नोव्हेंबर २०२४ मध्ये 'एक राष्ट्र, एक सदस्यत्व' या योजनेस मान्यता दिली. २०२५ ते २०२७ या तीन वर्षांसाठी ६,००० कोटी रुपयांची तरतूद झाली आणि सुमारे १३,००० संशोधन नियतकालिके सरकारी उच्च शिक्षण संस्थांना खुली करण्याचे ठरले. हे मोठेच काम होय. पण कपाटातील जुने मराठी पुस्तक, संस्थेचा इतिहास, गावाची स्मरणिका यांत येत नाही. ते शोधायला सूचीच हवी.

आता ग्रंथालयांच्या शंकांकडे वळू. पहिली शंका, 'आमची पुस्तके बाहेर जातील.' सूचीत नाव देणे म्हणजे पुस्तक देण्याचे वचन नव्हे. आंतर-ग्रंथालयीन देवघेवीचे नियम प्रत्येक संस्थेने ठरवावेत. ग्रंथ तेथेच बसून वाचू दिला, तरीही मोठा उपकार होतो. दुसरी शंका, 'आमच्या संग्रहातील उणिवा उघड्या पडतील.' उणीव झाकून भरत नाही. शेजाऱ्याकडे काय आहे हे कळले, तर तेच पुस्तक पुन्हा विकत घेण्याऐवजी नवे घेता येते. तिसरी शंका, 'हे काम करणार कोण?' ही शंका मात्र रास्त आहे. 'सोल' किंवा 'कोहा' यांसारख्या संगणक प्रणाली उपलब्ध आहेत, पण नोंदी माणसांनाच कराव्या लागतात. ग्रंथालयातील माणसे कमी करून सूचीची अपेक्षा धरणे म्हणजे मुनीम काढून टाकून हिशेब मागण्यासारखे आहे.

नोंदीत काटेकोरपणाही हवा. विष्णु वामन शिरवाडकर आणि कुसुमाग्रज ही एकाच व्यक्तीची दोन नावे. सूचीला हे ठाऊक नसेल, तर नाटके एका नावाखाली आणि कविता दुसऱ्या नावाखाली सापडतील. मराठी नावे रोमन लिपीत लिहिली की एकाच आडनावाची तीन रूपे होतात. मराठी ग्रंथाची नोंद देवनागरीत असावी आणि शोधही देवनागरीत करता यावा, हा आग्रह धरलाच पाहिजे.

प्रसाराचा मार्ग फलक आणि उद्घाटने हा नव्हे. तीन साध्या गोष्टी पुरेशा आहेत. प्रवेशाच्या पहिल्या आठवड्यात प्रत्येक विद्यार्थ्याने आपल्या विषयाचे एक पुस्तक सूचीत स्वतः शोधावे आणि जाऊन हातात घ्यावे. प्राध्यापकांनी संदर्भग्रंथांची यादी देताना ते ग्रंथ कोठे आहेत, हेही लिहावे. ग्रंथपालांनी 'आमच्याकडे नाही' एवढ्यावर न थांबता 'अमुक ठिकाणी आहे' असे सांगावे.

मात्र या सर्वांच्या आधी एक पथ्य पाळावे. जाहिरात करण्यापूर्वी माल मोजावा. सूचीत आहे म्हणून वाचक दूरवरून आला आणि पुस्तक फळीवर नसले, तर तो त्या सूचीवर पुन्हा विश्वास ठेवणार नाही. बाजारात पत उभी करायला पिढी लागते, घालवायला एक दिवस पुरतो.

१२ जुलै १९६१ रोजी पानशेतचे धरण फुटले, तेव्हा पुण्यात असंख्य वह्या-पुस्तके पाण्यात गेली. ज्याच्या नोंदी वाचल्या, त्याला निदान काय गेले ते सांगता आले. ज्याच्या नोंदीही गेल्या, त्याला तेही सांगता आले नाही. सामाईक सूची अशा वेळी दुसऱ्या ठिकाणी ठेवलेली खतावणीच ठरते.

ज्ञानदान हे श्रेष्ठ दान मानले गेले आहे. ग्रंथ विकत घेऊन देण्याची ऐपत सर्वांची नसते, परंतु ग्रंथाचा पत्ता सांगण्याला काहीच खर्च येत नाही. कुलूप राहू द्यावे, किल्ली कोणाकडे आहे एवढे तरी वाचकाला कळावे. घोटावड्याच्या मुलीला पुण्याची बस धरण्यापूर्वी तिचे पुस्तक कोठे आहे हे घरबसल्या कळेल, तो दिवस लवकर यावा, हीच सदिच्छा.